सात पानांचा काढा आणि माझे जोडलेले हात

उल्हासनगरच्या ज्या लॅबमध्ये मी गेली सव्वीस वर्षं लोकांचं रक्त काढते, तिथे एक नियम कधीच मोडला जात नाही. ट्यूबवर नाव नसेल तर ती ट्यूब फेकायची. ती कोणीही आणलेली असो. एकदा आमच्या सेठच्या सख्ख्या सासूची ट्यूब मी अशीच फेकली होती, आणि सेठ "दीदी, पता तो है किसका है" म्हणत माझ्या मागे मागे फिरत होता. पता मलाही होता. तरी मी सासूबाईंना पुन्हा बसवलं आणि पुन्हा सुई टोचली. त्या सिंधीत जे बोलल्या त्यातले शब्द मला अर्धेच कळले, सूर मात्र पूर्ण कळला. पण कोणाचं रक्त, कधी काढलं, उपाशीपोटी की जेवून, एवढं लिहिलेलं नसेल तर मशीनमधून निघतो तो नुसता आकडा. त्याच्या भरवशावर कोणाची गोळी सुरू करता येत नाही आणि बंदही करता येत नाही.

हे कळायला फार शिकावं लागत नाही. आमच्याकडे नवीन आलेली मुलगी आठवड्याभरात शिकते. लॅबमध्ये रिपोर्टवर नावातलं एक अक्षर चुकलं तरी भांडायला येणारी माणसं मोबाईल हातात धरला की इतकी भाबडी कशी होतात, हे मला आजवर कळलेलं नाही.

एक बाई यायच्या. साखर नेहमी चढलेली. रिपोर्ट हातात दिला की म्हणायच्या, "दीदी, मशीन चेक करवाओ. मैं तो रोज भेंडी का पानी पीती हूँ. वीडियो में बड़े डॉक्टर ने बोला है."

"कौन से डॉक्टर?"

"वो, सफेद कोटवाले."

सफेद कोट मीही घालते. आमच्या गल्लीच्या तोंडाशी केस कापणारा आहे, तोही घालतो. पण बाईंना माझ्या कोटापेक्षा त्या व्हिडिओतल्या कोटावर विश्वास. मी त्यांच्या डोळ्यांसमोर रक्त काढलं होतं, त्यांच्या डोळ्यांसमोर नाव लिहिलं होतं, तरी खोटी मी.

हे व्हिडिओ मी पाहिलेत. चिक्कार पाहिलेत, कारण रागवायला मला आवडतं असं माझी बहीण म्हणते आणि ते खरं आहे. एक जण गाडीत बसून बोलतो आणि गळ्यात स्टेथोस्कोप अडकवलेला असतो. गाडीत तो कोणाची छाती तपासणार, स्टेअरिंगची? दुसरा मूत्रपिंडावर बोलतो आणि त्याच्यामागे चित्र यकृताचं. तिसरा "डॉक्टर तुम्हाला हे कधीच सांगणार नाहीत" अशी सुरुवात करतो आणि पुढच्याच वाक्यात स्वतःला डॉक्टर म्हणवतो. मागे बासरी वाजते. परदेशातल्या कुठल्याशा मोठ्या विद्यापीठात सिद्ध झालंय म्हणतात, पण कुठल्या ते नाही, कधी ते नाही, कोणावर ते नाही. आणि दर वेळी शेवटी, बासरी थांबली की, एक पावडर निघते. पावडर नसेल तर तेल निघतं. "घरपोच मिळेल."

मी या सगळ्यांकडे नाव नसलेली ट्यूब म्हणून बघायचे. कोण बोलतंय, कधीचं आहे, कशावरून म्हणतोय, आणि विकतोय काय. चारांतलं एकही धड सापडलं नाही की फेकायचं. लॅबमध्ये सगळ्यांना मी हे ऐकवायचे. डब्याच्या वेळेला या व्हिडिओवाल्यांच्या नकला करायचे. हसून हसून मुलींच्या डोळ्यांत पाणी यायचं. आपण फार शहाण्या आहोत, असं मला वाटत असे.

आता काकांविषयी सांगायला हवं.

काका म्हणजे वडिलांचे धाकटे भाऊ. अंबरनाथला शिवमंदिराच्या बाजूला राहतात, कारखान्यातून निवृत्त झालेत. आमचं गाव बदलापूरच्या पुढे, बारवीच्या रस्त्याला. लॅबचा कोर्स करायचा तर गावातून रोज वेळेत पोचणं शक्यच नव्हतं, तेव्हा काका म्हणाले, माझ्याकडे राहील ती. तीन वर्षं राहिले. काकू तेव्हा होती, रोज सकाळी माझा डबा माझ्याआधी तयार असे. आज मी जी कोणी आहे ती त्या घरात जेवून झालेय, आणि हे मी विसरत नाही.

काकांनी मोबाईलवर घराण्याचा ग्रुप काढला. माणसं तेवीस. सकाळी उठल्याबरोबर काकांचा सुविचार, मग देवाचा फोटो, मग आरोग्य. आणि प्रत्येकाच्या खाली ओळीने सगळ्यांचे जोडलेले हात, चित्रातले. आमच्याकडे ही रीतच आहे. थोरला माणूस चारचौघांत बोलला की उलट बोलायचं नाही. होय म्हणायचं, पाया पडायचं, आणि घरी येऊन आपल्याला हवं ते करायचं. लग्नकार्यात काका पत्रिकेवरून, मानपानावरून काहीही बोलोत, सगळे मान डोलावतात. पण तेव्हा माझी अक्का माझ्या शेजारी बसलेली असते. ती माझ्या तोंडाकडे बघते, मी डोळे फिरवते, तिला कळतं की हे काही खरं नाही. ग्रुपवर तोंड दिसत नाही. तिथे फक्त हात दिसतात. एवढी साधी गोष्ट माझ्या डोक्यात आली नाही.

मे महिन्यात काकांनी तो व्हिडिओ टाकला. साखरेवर रानातल्या सात कडू पानांचा काढा. चाळीस दिवस घ्यायचा, साखर मुळापासून जाते. आणि अट एकच, गोळ्या पहिल्या दिवसापासून बंद, कारण गोळ्या चालू असतील तर काढा लागू पडत नाही. हरामखोरपणाची कमाल बघा. गोळी चालू असती तर निदान काढा पिऊनही माणूस तगला असता. ती वाटसुद्धा त्या व्हिडिओवाल्याने बंद करून ठेवली होती. शेवटी पावडर होतीच, ज्यांना सात पानं मिळत नाहीत त्यांच्यासाठी.

व्हिडिओच्या खाली काकांनी लिहिलं, "आमची लॅबवाली काय म्हणते?"

मी डबा खात होते. आधी मुलींना व्हिडिओ दाखवला. गाडीतल्या डॉक्टरची नक्कल केली, दंडाला बांधायचा रबरी पट्टा गळ्यात अडकवून. मग ग्रुप उघडला आणि लिहिलं, "काका, हे साफ खोटं आहे." पाठवायच्या आधी थांबले. तेवीस माणसं बघणार. काकांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन त्याच आठवड्यात झालं होतं, एका डोळ्यावर पट्टी असताना त्यांनी ते चार शब्द टाईप केले असणार. त्यांना सगळ्यांसमोर कसं तोंडावर पाडायचं? लिहिलेलं पुसलं. जोडलेले हात टाकले. नुसते हात कोरडे वाटले म्हणून वर एक फूल टाकलं. रात्री फोन करून त्यांना नीट समजावून सांगू, असं ठरवलं. फोन केला नाही. दुसऱ्या दिवशी नवा सुविचार आला आणि काढा वर कुठेतरी निघून गेला.

अक्का माझ्याहून सहा वर्षांनी मोठी. आमच्याच गावच्या पलीकडच्या वाडीत दिलेली, भातशेती करते. तिला साखर आहे हे पहिल्यांदा मीच पकडलं, नऊ वर्षांपूर्वी. तेव्हापासून दर तीन महिन्यांनी ती आदल्या दिवशी माझ्याकडे बदलापुरात कात्रपला यायची, पिशवीत तांदूळ नाहीतर रानभाजी घेऊन. सकाळी उपाशीपोटी ओट्याशी स्टूल ठेवून मी तिचं रक्त काढायचे. त्या दिवशीच्या साखरेसाठी करड्या टोपणाची एक ट्यूब, तीन महिन्यांच्या सरासरीसाठी जांभळ्या टोपणाची एक. तिचं नाव लिहायचे आणि ती म्हणायची, "सख्ख्या बहिनीचा पन नाव लिवतंस?" मी म्हणायचे, "सगळ्यांचं."

जूनमध्ये ती आली नाही. फोन केला तर म्हणाली, "आता कामाचे दिस हायत गो. मंग येईन."

"गोळ्या घेतेस ना वेळेवर?"

"माझा बरा चाललाय."

हे काही उत्तर नव्हतं. समोर पेशंट असता तर मी म्हटलं असतं, घेता की नाही तेवढं सांगा. पण अक्काच्या आवाजात एक खुशी होती, आणि मला लॅबमध्ये गर्दी होती. मी म्हटलं, बरं.

ऑगस्टमध्ये तिच्या सुनेचा फोन आला. "मावशी, आईंच्या पायाला वास येतोय."

मी तिला त्याच दुपारी रिक्षाने उल्हासनगरला आणायला लावलं. आमच्या लॅबशेजारच्या इस्पितळात. फडकं सोडलं आणि मी जे पाहिलं ते लिहीत नाही. लावणीच्या चिखलात शिंपल्याने अंगठा कापला होता, केव्हा ते तिला माहीतच नव्हतं, कारण तिला दुखलंच नव्हतं. साखरेने पायातली जाण गेली होती. बोट टोचून मी यंत्रावर थेंब ठेवला तर आकडा चारशेच्या वर. डॉक्टर म्हणाले, बोटं काढावी लागतील. पाऊल राहील की नाही हे आत्ता सांगता येणार नाही, चार दिवस बघू.

पाऊल गेलं असतं तर अक्का चिखलात पुन्हा उभी राहिली नसती. जी बाई बसून जेवतानासुद्धा दोनदा उठते, तिला कायमचं खाटेवर बसावं लागलं असतं. ते चार दिवस मी लॅब आणि वॉर्ड यांच्यामध्ये येरझाऱ्या घातल्या. भीती वाटत होती म्हणून संताप करत होते. नर्सवर केला, सुनेवर केला, आणि दुसऱ्या दिवशी सलाईन लावून पडलेल्या अक्कावरही केला. सुनेकडून कळलं होतं की मेपासून गोळ्या बंद आहेत आणि अक्का रोज सात पानांचा काढा उकळतेय. शहरातल्या लोकांना पुडी विकत घ्यावी लागते, माझ्या बांधावर सगळं उभं आहे, असं वाडीभर सांगत होती म्हणे. चाळीस दिवस संपले तेव्हा अंगात हुशारी वाटतेय म्हणून तिने आणखी चाळीस दिवस वाढवले.

"कोणत्या मूर्खाने सांगितलं तुला गोळ्या बंद करायला?" मी म्हणाले.

अक्काने मान वळवून माझ्याकडे बघितलं. तिला फारसं वाचता येत नाही. ग्रुपवरचे व्हिडिओ ती ऐकते, लिहिलेलं सून वाचून दाखवते, आणि खाली कोणी काय टाकलंय ते ती स्वतः बघते. माझा छोटा फोटो तिला ओळखता येतो.

"काकांनी तुला इचारला व्हता," ती म्हणाली. "सगल्यांसमोर. तू हात जोडलेस. वर फूल टाकलास." "मला वाटला, खोटा असता तर तू बोलली असतीस. तू तर कोनाला सोडत नायस."

मी सलाईनची बाटली बघायचं निमित्त करून उठले.

चौथ्या दिवशी अंगठा आणि त्याच्या शेजारचं बोट काढलं. पाऊल वाचलं. अक्काला घरी सोडलं तेव्हा तिला गोळ्यांच्या जोडीला इन्सुलिनची सुई लावून दिली होती, रोज सकाळी. सुनेला मी टोचायला शिकवलं.

त्या रविवारी मी अंबरनाथला गेले. काका खुर्चीत बसले होते, मोबाईल भिंतीला चार्जिंगला लावलेला, वायर पुरेल इतक्या अंतरावर खुर्ची ओढलेली. मी सगळं सांगितलं. बोटांचं सांगितलं तेव्हा त्यांनी चष्मा काढला.

"मी फक्त पुढे पाठवलं गं," ते म्हणाले.

या वाक्याची मला शिसारी आहे. सगळे हेच म्हणतात. बनवणाऱ्याने बनवलं, आणि बाकीच्या लाखोंनी फक्त पुढे पाठवलं, म्हणजे करणारा कोणी नाहीच. मी तेच बोलायला तोंड उघडलं, तीन वर्षांच्या डब्यांची भीड बाजूला ठेवून. तेवढ्यात काका म्हणाले, "म्हणून तर तुला विचारलं होतं. मला काय कळतं त्यातलं? मला शंका होती. घरात एक शिकलेली आहे म्हणून विचारलं. तू हात जोडलेस, मग मी बेलवलीच्या व्याह्यांनाही पाठवला."

जो माणूस मला भाबड्यांचा शिरोमणी वाटत होता, त्याने त्या तेवीस जणांत एकट्याने योग्य गोष्ट केली होती. ज्याला कळतं त्याला विचारलं होतं. आणि जिला कळतं ती मूग गिळून बसली होती, वर फूल वाहून. मला लाज वाटली. अजून वाटते. चहा न घेता निघाले नाही, कारण काकांनी स्वतः ठेवला होता.

घरी आल्यावर मी ग्रुपवर बोलून संदेश टाकला, अक्काला ऐकता यावा म्हणून. आधी माझं नाव सांगितलं, मग तारीख, मग मी काय काम करते आणि किती वर्षं. मग म्हटलं, "काढ्याचा व्हिडिओ खोटा आहे. मला तेव्हाच माहीत होतं. मी हात जोडले ती माझी चूक. साखरेची गोळी कोणी स्वतःच्या मनाने बंद करू नका. माझ्या बहिणीची दोन बोटं गेली."

पाठवलं आणि मोबाईल समोर ठेवून बसले.

पाच मिनिटांत हात यायला लागले. एक, दोन, सात. आत्याच्या मुलाने हात जोडले, त्याच्या बायकोने जोडले, वांगणीच्या मामींनी जोडले आणि वर फूल टाकलं. चौदा हात मोजले. काढ्याला जसे जोडले होते तसेच, त्याच ओळीने, अगदी त्याच माणसांनी. एकानेही विचारलं नाही की अक्का कशी आहे. आणि दहाव्या मिनिटाला एका भावजींनी लसणाच्या पाकळीने हृदयातल्या गाठी विरघळवणारा व्हिडिओ टाकला. मी मोबाईल उशीखाली सरकवला. अशा माणसांना अक्कल द्यायला मी कोण, आणि मी त्यांच्यातलीच की!

मग अक्काचा फोन आला.

"ऐकला," ती म्हणाली.

"बरं."

"आता येक इचारतं. सुई येकदा लागली का जल्मभर सुटत नाय, आन डोलं पन जातात, असा काकांच्या ग्रुपवर आलावता. मागच्या दिवालीला. सुनेनी आज काढून दाखवला."

"खोटं आहे ते."

"त्याच्याखाली पन तुझं हात हायत."

मी ग्रुप उघडला आणि मागे मागे गेले. दिवाळीच्या कंदिलांच्या फोटोंमध्ये तो व्हिडिओ होता. गाडी होती, बासरी होती. खाली माझा फोटो आणि जोडलेले हात. टाकल्याचं मला आठवतही नव्हतं.

"अक्का, सुई घेतलीस ना आज?"

ती म्हणाली, "काल नाय घेतली. आज पन नाय. मंगाशी तू बोललीस ता खरा का, आन ह्ये हात खरं? मला फोनात कलत नाय."

दुसऱ्या दिवशी लॅबला सुट्टी टाकली आणि पहिल्या बसने वाडीत गेले. अक्का ओटीवर बसली होती, बांधलेला पाय पाटावर ठेवून. मी तिच्यासमोर बसले, अगदी जवळ, लग्नात बसतो तशी. म्हणाले, "तो व्हिडिओ खोटा आहे. सुई घे. माझे हात खोटे होते, दोन्ही वेळचे."

तिने घाई केली नाही. माझ्या तोंडाकडे बघत राहिली, लहानपणी मी काही लपवतेय का ते बघायची तशी. मला वाटलं, हिला आता माझ्या तोंडावरचंही वाचता येईनासं झालं की काय. मग तिने पदर बाजूला करून दंड मोकळा केला आणि आत सुनेला हाक मारली, "आन गो ती सुई."